चोरश्वास

संगीत आणि राज्यशास्त्र हे दोन विषय एकत्र घेऊन पदवी करता येते, ही बातमी घरात आली तेव्हा आत्याने पहिला प्रश्न टाकला, "म्हणजे तू सभेत गाणार की मैफलीत भाषण ठोकणार?"

वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि ऐन वेळी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हा त्यांचा धंदा. ते म्हणाले, "हे बघ, आमच्या गाडीत ब्रेक दोन असतात, पण स्टिअरिंग एकच असतं. दोघांनी मिळून वळवायला घेतलं की गाडी खांबावर जाते." आई तेवढी लेकीच्या बाजूची. ती म्हणाली, "घेऊ दे हो तिला दोन्ही. एकाने पोट नाही भरलं तर दुसऱ्याने उपाशी राहील."

एवढा भक्कम पाठिंबा मिळाल्यावर मुलगी विद्यापीठात दाखल झाली.

हा जोड-अभ्यासक्रम काढला कोणी, हे कोणालाच माहीत नव्हतं. माहितीपत्रकात मात्र तो झोकात छापला होता. शेजारी एका हसऱ्या मुलीचा फोटो, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातात जाडजूड पुस्तक. व्हायोलिन वाजवायला दोन्ही हात लागतात, हे छापणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. इमारत एकच होती. राज्यशास्त्र तळमजल्यावर, कारण ते जनतेच्या जवळ असावं. संगीत सगळ्यात वर, कारण ते कोणाच्याच जवळ नसलेलं बरं. मध्ये चार जिने. लिफ्ट होती, पण तिच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' असा कागद होता आणि तो कागद लिफ्टपेक्षा जुना दिसत होता. खालचा तास संपला की मुलगी धापा टाकत वर यायची आणि वरचा संपला की खाली पळायची. पहिलं वर्ष ती नक्की काय शिकली म्हणाल, तर जिने चढायला.

वरचे लोक तिला 'पुढारीण' म्हणायचे, खालचे 'बुलबुल'. आपण पुढारीणच म्हणू, कारण पुढचा सगळा घोळ तिच्या पुढारपणामुळेच झाला.

खाली राज्यशास्त्राला होते मुद्देसर. काहीही विचारा, सर तीन बोटं वर करायचे. "इथे तीन मुद्दे आहेत." पहिला मुद्दा पाऊण तास चालायचा, दुसरा घंटेवर संपायचा आणि तिसरा कोणाच्या बापाने ऐकला नव्हता. सरांचा आवडता विषय होता अनुपस्थिती. सत्ता म्हणजे काय, तर आपण नसल्यावर पडणारा खड्डा. जो गेल्यावर काहीच अडत नाही, त्याच्या हातात काहीच नव्हतं समजा. सर हे इतक्या तन्मयतेने सांगायचे की आठवड्यातून दोनदा तरी स्वतःच तासाला यायचे नाहीत. अडायचं मात्र काही नाही.

एकदा त्यांनी पुढारीणला विचारलं, "वर काय शिकवतात गं? टाळ्या कधी वाजवायच्या ते?"

तिने हे वर जाऊन सांगितलं. वर होत्या बाई. बाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि म्हणाल्या, "मग खाली काय शिकवतात? कधी वाजवायच्या नाहीत ते?"

दोन विभागांमध्ये विचारांची देवाणघेवाण व्हायची ती एवढीच, आणि तीही हिच्या पायांवरून.

बाई म्हणजे चणीने एवढ्याशा आणि रागाने एवढ्या मोठ्या. त्या विद्यापीठाचा गायनवृंद सांभाळायच्या. चाळीसेक पोरं-पोरी, चार रांगा, एक जुना पियानो आणि खिडक्या नीट न लागणारी लांबोळकी खोली. हातात छडी नाही, नुसती पेन्सिल. त्या पेन्सिलीच्या टोकावर चाळीस गळे नाचायचे. पुढारीण पहिल्या दिवशी तिथे गेली ती फक्त हजेरीपुरती. आपला आवाज बेताचा आहे, हे तिला लहानपणापासून घरच्यांनी प्रेमाने समजावून सांगितलं होतं. बाईंनी तिला गायला लावलं, ऐकलं, जवळ आल्या, तिच्या पाठीवर खालच्या फासळ्यांशी हात ठेवला आणि म्हणाल्या, "इथे एवढी मोठी खोली आहे. कोणी वापरलीच नाही आजवर. घे श्वास. इथे घे." तिने घेतला आणि जो आवाज निघाला तो ऐकून ती स्वतःच दचकली. त्या दिवसापासून बाई म्हणजे तिचा जीव की प्राण. सरांकडून ती खूप शिकली, पण सरांसाठी ती चार जिने धावत चढली नसती.

आता बाईंचं एक वेड सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

वृंदाचं एक गाणं होतं. पदवीदान समारंभात दरवर्षी तेच म्हणायचं. त्याच्या शेवटी शब्द संपायचे आणि फक्त 'आ'कार उरायचा. एक लांबच लांब ओळ, हळूहळू चढणारी, कुठेही न थांबणारी. आता माणसाला फुप्फुसं दोनच. एवढी लांब ओळ एका श्वासात कोणाचा आजोबाही गाऊ शकणार नाही. त्यावर उपाय म्हणजे चोरश्वास. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. दम संपला की आपण गुपचूप गप्प व्हायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा मिसळून जायचं. आपण गप्प झालो की शेजारच्याने आवाज थोडा वाढवायचा आणि आपली जागा भरून काढायची. तो थांबला की आपण भरायचं. ऐकणाऱ्याला कोण कधी थांबलं याचा पत्ता लागता कामा नये. कोणीच थांबलं नाही असं वाटलं पाहिजे.

"शेजारची थांबली की तू भर," बाई रोज सांगायच्या. "विचार करू नको. विचार करायला लागलीस की उशीर झाला. तुझ्या फासळ्यांना कळलं पाहिजे, डोक्याला नव्हे."

सांगायला सोपं आहे हो. करायला गेलं की हटकून चौघं एकदम श्वास घ्यायची आणि त्या लांब ओळीत मधेच फट पडायची. बाई पेन्सिल पियानोवर आपटायच्या, "भोक!"

मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा "भोक!" समारंभात बाई ओरडू शकत नसत, पण भोक पडलं की त्यांचा डावा खांदा उडायचा. वृंदाला तो खांदा पाठ झाला होता. "एकदा," बाई तालीम संपल्यावर पियानोचं झाकण लावता लावता म्हणायच्या, "जायच्या आधी एकदाच मला ही ओळ अखंड ऐकायची आहे. मग मेले तरी चालेल." यावर मागच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटायचं, "मग बाईंना मरण नाही." आणि सगळे हसायचे. बाईसुद्धा.

तर शेवटच्या वर्षाला, समारंभ तोंडावर आला असताना, बातमी फुटली. बाईंची जागा यंदापासून बंद. समारंभ झाला की बाईंना मानाने निरोप. वृंद पुढे 'स्वयंपूर्ण' होणार, म्हणजे पोरांनी आपलं आपण गायचं, आणि जोड-अभ्यासक्रमातला संगीताचा भाग राज्यशास्त्रात 'विलीन' होणार. साखर चहात विलीन होते तसा नव्हे. डबा रिकामा झाल्यावर त्याला साखरेचा डबा म्हणत राहायचं, तसा.

ही बातमी पुढारीणला दिली मुद्देसरांनीच, कारण निर्णय घेणाऱ्या समितीत ते स्वतः होते.

"सर, मग तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

"मी तटस्थ राहिलो," सर अभिमानाने म्हणाले. "तत्त्व म्हणून. तटस्थ राहणं हीसुद्धा एक भूमिका असते."

"पण तुमच्या एका मताने..."

"इथे तीन मुद्दे आहेत," सर म्हणाले आणि घंटा झाली.

ती तशीच वर धावली. बाईंना बातमी आधीच कळली होती. त्या पियानोपाशी उभ्या होत्या, पेन्सिल हातात. डोळे जरा लाल होते, पण विचारायची कोणाची छाती नव्हती. "काय बघता?" त्या म्हणाल्या. "शेवटच्या ओळीपासून." त्या दिवशी ओळीत एवढी भोकं पडली की तिची चाळण झाली. बाई एकदाही ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या नाहीत म्हणून पुढारीणला रडू फुटलं. जिन्यात बसून ती पोटभर रडली आणि उठली ती संप करायचा असं ठरवूनच.

संप! अहो, तीन वर्षं मुद्देसरांनी जे शिकवलं ते वापरायला याहून चांगली जागा कोणती? समारंभात कुलगुरू असणार, पाहुणे असणार, पालक असणार. शेवटची ओळ सुरू झाली की वृंदाने गप्प व्हायचं. भरल्या सभागृहात सन्नाटा. आणि त्या सन्नाट्यात पुढारीणने एकच वाक्य बोलायचं, "बाई नाहीत, तर गाणं नाही." बस्स. एवढं मोठं भोक पाडायचं की कुलगुरूंना त्यात वाकून बघावं लागेल.

बाई घरी गेल्यावर खोलीत बैठक बसली. संपाला सगळे तयार. हात वर करा म्हटल्यावर हातांचं रान उगवलं. बाईंवर जीव सगळ्यांचाच होता, त्यात खोट नव्हती. घोडं अडलं ते पुढे. आधी थांबायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर कधीच कमी पडत नाहीत, फक्त पहिला उंदीर सापडत नाही.

मागच्या रांगेत एक ताडमाड पोरगा होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून सगळे त्याला खर्ज म्हणायचे. अंगाने असा पैलवान आणि मनाने ससा. तो म्हणाला, "मी तयार आहे गं, पण एकदम नको. सगळे एकदम थांबलो तर तो कट दिसतो. माझी पदवी त्याच दिवशी मिळायची आहे. कुलगुरूंच्या हातातून घ्यायचीय, त्यांच्या पायात पाय अडकवून नाही."

"आणि एकदम थांबायचं म्हटलं आणि ऐन वेळी दोघंच थांबली तर?" पुढारीणच्या शेजारी उभी राहून गाणारी मुलगी म्हणाली. वृंदात तिला सगळे शेजारीणच म्हणायचे, कारण ती कायम कोणाच्या तरी शेजारी असायची, एकटी कधी दिसायचीच नाही. "ती दोघं तर मेलीच ना!"

"मेलीच," सगळे एका सुरात म्हणाले. इतक्या एका सुरात ते गाताना कधी नसायचे.

इथे पुढारीणचं राज्यशास्त्र कामाला आलं. जोखीम वाटून घ्यायची असते, असं सरांनी शिकवलेलं. ती उभी राहिली आणि तिने योजना मांडली. एकदम थांबायचंच नाही. मागच्या रांगेतून, एकेकाने, गुपचूप थांबायचं. खर्ज पहिला. तो थांबला हे त्याच्या शेजारच्याशिवाय कोणाला कळणारही नाही. मग शेजारच्याने थांबायचं. मग त्याच्या शेजारच्याने. आवाज हळूहळू विरत जाईल आणि पहिलं कोण थांबलं हे देवालाही सांगता येणार नाही.

"नियम एकच," ती म्हणाली. "शेजारची थांबली की तू थांब."

वा वा झाली. टाळ्या झाल्या. शेजारणीने तर तिला मिठी मारली. त्याच खोलीत, त्याच पियानोसमोर, रोज तीन वर्षं ही पोरं 'शेजारची थांबली की तू भर' हे घोकत होती. पण त्या क्षणी ते कोणाच्या, अगदी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? ते डोक्यात नव्हतंच. बाईंनी ते फासळ्यांत घातलं होतं.

"एकदा तालीम करून बघायची का?" खर्जाने विचारलं.

"गप्प बसायची कसली तालीम?" पुढारीण हसली. "त्याला काय गळा लागतो?"

योजना तिने मुद्देसरांना दाखवली. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तीच द्यायची होती, एका दगडात दोन पक्षी. सर वाचत गेले तसे त्यांचे डोळे चमकायला लागले. "अप्रतिम! कोणी पुढारी नाही, कोणी पहिला नाही, पकडायला कोणी सापडत नाही. अनुपस्थितीची साखळी!" त्यांनी तीन बोटं वर केली आणि कधी नव्हे ते तिन्ही मुद्दे सांगितले. तिसरा मुद्दा असा होता की सर स्वतः समारंभाला तिसऱ्या रांगेत बसून निरीक्षण करतील, मात्र तटस्थपणे.

समारंभाचा दिवस उजाडला. सभागृह खच्चून भरलेलं. व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांवर मान्यवर, मान्यवरांपुढे पाण्याच्या बाटल्या. माइकवाला अर्धा तास "हॅलो, हॅलो" करत होता आणि ते त्या दिवशीचं सगळ्यात थोडक्यातलं भाषण ठरलं. पुढारीणचे आईवडील आणि आत्या मागे कुठेतरी बसले होते. आत्याने जाताना विचारलंच होतं, "आज गाणार आहेस की भाषण?" पुढारीण म्हणाली होती, "दोन्ही." आणि मनातल्या मनात तिला फार बरं वाटलं होतं. तीन वर्षांचं उत्तर एका दिवसात मिळणार होतं.

बाई आल्या. नेहमीचे सपाट बूट, नेहमीची पेन्सिल. फक्त केस नीट विंचरलेले, निरोप घ्यायला आल्यासारखे. त्यांनी वृंदाकडे बघितलं आणि ओठांनीच सांगितलं, "फासळ्या." थोडंच थांबा बाई, पुढारीण मनात म्हणाली, आज तुमच्यासाठी असं काही करणार आहोत की बघाच.

गाणं सुरू झालं. शब्दांचा भाग नेहमीसारखा पार पडला, ना धड चांगला ना धड वाईट. मग शब्द संपले आणि शेवटची ओळ आली.

खर्ज थांबला.

हे पुढारीणला नक्की कळलं, कारण तो थांबला की पायाखालची फळी गेल्यासारखं वाटायचं. पण फळी गेलीच नाही. खर्ज थांबताच त्याच्या शेजारच्याने, कसलाही विचार न करता, आवाज वाढवला आणि जागा भरून काढली. मग त्याला आठवलं असावं की अरे, आपण संपावर आहोत. तो दचकून थांबला. तेवढ्यात खर्जाच्या कानाला शेजारी पोकळी लागली आणि खर्ज पुन्हा गायला लागला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही, आणि संपावर गेल्याने तर मुळीच जात नाही.

लाट तशीच पुढे सरकत आली. एक थांबायचा, दुसरा भरायचा. दुसरा ओशाळून थांबायचा, तोवर पहिला परत यायचा. प्रत्येक जण अगदी प्रामाणिकपणे संप करत होता आणि प्रत्येकाचा शेजारी तितक्याच प्रामाणिकपणे तो मोडत होता. मागची रांग गेली, तिसरी गेली, आणि लाट दुसऱ्या रांगेत पुढारीणच्या शेजारी येऊन पोचली.

शेजारीण थांबली. ठरल्याप्रमाणे, अगदी वेळेवर.

आता मी, पुढारीण मनात म्हणाली. आणि हे म्हणायच्या आत तिच्या पाठीतली ती मोठी खोली उघडली, आत हवा भरली आणि गळ्यातून आवाज निघाला. तिचा आवाज! संप जिच्या डोक्यातून निघाला ती बया भर सभागृहात शेजारणीची जागा भरत होती. अगं गप्प बस! तिने स्वतःला शिवी हासडली. ओठ घट्ट मिटले. मिटले त्याच क्षणी शेजारणीने डोळे विस्फारून तिच्याकडे बघितलं आणि सूर लावला. पुढारीणला तिचा गळा दाबावासा वाटला. शेजारणीलाही तसंच वाटत असणार. दोघी आळीपाळीने थांबत होत्या आणि आळीपाळीने एकमेकींना वाचवत होत्या.

ओळ मात्र चढत गेली. लांबच लांब, हळूहळू, कुठेही न तुटता. चाळीस जण थांबले होते आणि कोणीच थांबलं नव्हतं. त्या खिडक्या न लागणाऱ्या खोलीत हजारदा प्रयत्न करून जे एकदाही जमलं नव्हतं, ते आज कोणी प्रयत्न करत नसताना जमत होतं. पुढारीणच्या अंगावर काटा आला. ती रागाने फुटत होती आणि त्याच वेळी तिला वाटत होतं की हे संपू नये. तिने बाईंच्या डाव्या खांद्याकडे बघितलं. तो हलला नव्हता. बाईंचा चेहरा मात्र तिला बघवेना. पेन्सिल हवेत, डोळे मिटलेले आणि गालांवरून पाणी.

गाणं संपलं. सन्नाटा पसरला. हाच तो सन्नाटा, वाक्य बोलायचा. पुढारीणने तोंड उघडलं, पण 'बाई नाहीत, तर गाणं नाही' हे आता कोणत्या तोंडाने म्हणणार? गाणं तर झालं होतं, आणि काय झालं होतं! तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मागे कुठेतरी आत्या "आमची आहे ती, दुसऱ्या रांगेतली!" असं ओरडत होती.

कुलगुरू माइकपाशी आले. ते खरंच हेलावले होते, एरवी त्यांना हेलावायला अंदाजपत्रक लागायचं. "मित्रहो," ते म्हणाले, "आत्ता आपण काय ऐकलं? कोण कधी थांबलं, आपल्याला कळलं? नाही! एक थांबला की दुसरा त्याची जागा घेतो. सूर चालूच राहतो. संस्था अशी असावी लागते. माणसं येतात, माणसं जातात. आमच्या निर्णयाबद्दल माझ्या मनात थोडी शंका होती, खोटं कशाला बोलू? ती आज या मुलांनीच दूर केली. हा वृंद स्वयंपूर्ण झाला आहे!"

पुन्हा टाळ्या. बाईंना मोठा पुष्पगुच्छ मिळाला. तो त्यांच्यापेक्षा उंच होता.

सभागृहाबाहेरच्या बोळात मुद्देसरांनी पुढारीणला गाठलं. ते आनंदाने नुसते उड्या मारायचे बाकी होते. "संप पूर्ण फसला! अगदी मुळापासून! अगं, यशस्वी संपात शिकण्यासारखं काय असतं? फसलेला संप म्हणजे खजिना! मी तुला पैकीच्या पैकी मार्क देणार आहे."

"सर, बाई गेल्या," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता.

"हो, ते वाईट झालं," सर म्हणाले. आणि बऱ्यापैकी वाईट वाटल्यासारखं तोंड करून ते क्षणभर तटस्थ उभे राहिले.

तिने त्यांना तसंच सोडलं आणि जिने चढायला लागली. एक, दोन, तीन, चार. आजवर कधी लागला नव्हता एवढा दम तिला लागला.

वरच्या खोलीत वृंद जमला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. खर्ज कोपऱ्यात पदवीची गुंडाळी हातात धरून उभा होता, लपवायला जागा शोधत असल्यासारखा. शेजारीण आज पहिल्यांदाच एकटी उभी होती. बाईंनी पुष्पगुच्छ पियानोवर ठेवला होता आणि त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या, जणू ही पोरं त्यांना आजच पहिल्यांदा दिसत होती.

"भोक नव्हतं," बाई म्हणाल्या. "एकही नव्हतं. मी शोधत होते." त्या हसल्या, मग नाक पुसलं. "इतकी वर्षं मी ओरडले तुमच्यावर. मला वाटायचं, ही गाढवं एकमेकांचं ऐकतच नाहीत. आज तुम्ही माझा खांदा बघत नव्हता, टाळ्यांची वाट बघत नव्हता. नुसतं शेजारच्याचं ऐकत होतात. कोण कधी थांबतंय याच्याकडे केवढं लक्ष होतं तुमचं! मला दिसत होतं ना."

खर्जाने पदवीची गुंडाळी पाठीमागे नेली.

"मला न सांगता गुपचूप तालीम केलीत ना? माझ्या मागे?"

शांतता. अख्खा वृंद तोंडात गुळणी धरल्यासारखा उभा. सभागृहात जी शांतता पाडायची होती, ती अखेर पडली होती, आणि अशी पक्की पडली होती की आता शेजारच्याची जागा भरायला एकही शेजारी पुढे येईना. खर्ज नाही, शेजारीण नाही.

"हे तुम्ही माझ्यासाठी केलंत ना?" बाईंनी विचारलं. आता त्या फक्त पुढारीणकडे बघत होत्या.

सांगून टाकावं, तिला वाटलं. बाई, तो संप होता. तुम्हाला वाचवायला केला आणि आमच्याच गळ्यांनी तुम्हाला घालवलं. सांगितलं असतं तर खरं झालं असतं, आणि बाईंनी आयुष्यभर वाट बघितलेली ती एक ओळ तिथल्या तिथे फुटली असती. तिने बाईंचा चेहरा बघितला. तो सुखी होता. इतका सुखी चेहरा तिने त्या खोलीत कधी बघितला नव्हता.

"हो," पुढारीण म्हणाली. तिला थांबावं लागलं, हवा आत ओढावी लागली. "बाई. तुमच्यासाठीच."

बाईंनी मान हलवली. मग इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांचा हात केसांकडे गेला, पेन्सिल बाहेर आली आणि पियानोच्या झाकणावर हलकेच टकटक झाली.

"मधेच श्वास घेतलास," बाई म्हणाल्या. "पुन्हा म्हण."